माणशी, एकरी की टनावारी?

चार वर्षांपूर्वी नवरा गेलेल्या माझ्या एका चुलतीबरोबर मी तालुक्याच्या गावी दाखल्याच्या खिडकीसमोर उभा होतो. तिच्या पिशवीत रेशनकार्ड, आधार, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स आणि दोन फोटो. अर्ज संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा होता. अर्ज भरून देणाऱ्या पोराने विचारलं, "मावशी, वर्साला किती मिळत्यात?" ती भांगलणीला जाते. तिने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "काम असलं तर तीस-पस्तीस हजार हुतंय." पोरगा चांगला होता. हळू आवाजात म्हणाला, "एकवीसच्या आत बसवायला लागतंय बघा." चुलती माझ्याकडे वळली. "मग मी खोटं सांगू व्हय रं?"

या योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं, म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा अधिकृत दर २९७ रुपये रोज होता. त्या दराने एखादी विधवा कामाला गेली, तर ७१ व्या दिवशी ती निराधार उरत नाही. त्याच वेळी केंद्राचा कायदा तिच्या कुटुंबाला १०० दिवसांच्या कामाची हमी देत होता. एका कायद्याने दिलेली हमी पुरी झाली असती, तर दुसऱ्या योजनेचं दार आपोआप बंद झालं असतं.

कल्याणकारी योजनांनी देशातली उत्पन्नाची दरी कमी होते का, हा प्रश्न परिसंवादांत येतो तेव्हा एका बाजूला 'रेवडी' हा शब्द येतो, दुसऱ्या बाजूला 'सन्मान', आणि बोलणं तिथेच संपतं. मला या प्रश्नाकडे जाण्याचा दुसरा रस्ता जवळचा वाटतो. वाटपाचं माप कोणतं आणि पैसा कुणाच्या खिशातून आला, एवढ्या दोन गोष्टी विचारायच्या. रेशन माणशी मिळतं. पाणी एकरी मिळतं. उसाचा दर टनावारी मिळतो. रोजगार हमी दिवसावारी. माप बदललं की तोच सरकारी रुपया दरी बुजवतो किंवा रुंदावतो. कोल्हापूर जिल्ह्यात गेल्या सव्वाशे वर्षांत यातली बहुतेक मापं वापरून झाली आहेत, म्हणून हा आढावा इथूनच घेतो.

आधी साधं गणित. एका घरात महिन्याला ८,००० येतात, दुसऱ्यात ८०,०००. दहापट अंतर. दोन्ही घरांना १,५०० दिले तर ९,५०० आणि ८१,५००, म्हणजे अंतर साडेआठ पटींच्या थोडं वर. फक्त गरीब घराला दिले तर ८.४ पट. श्रीमंताला चुकून गेलेल्या रुपयांनी फारसं बिघडलं नाही. आता उलट करा. दाखल्याच्या घोळात गरीब घर सुटलं आणि दुसऱ्याला मिळाले, तर अंतर दहापटींच्याही वर गेलं. विषमतेच्या हिशेबात नको त्याला दिल्याची चूक लहान असते आणि हवा तो वगळल्याची चूक फार मोठी. आपल्या योजनांची सगळी कागदपत्रं मात्र पहिल्या चुकीला घाबरून आखलेली असतात. फुकट गेलेल्या पैशाचं ओझं सरकारी तिजोरीवर पडतंच आणि ते मोजायलाच हवं. पण माझ्या चुलतीसारख्या सुटलेल्या बाईचं ओझं कोणत्याच ताळेबंदात येत नाही.

ही दरी मोजतात कशी, तर अर्थशास्त्रज्ञ गिनी गुणांक वापरतात. सगळ्यांचं उत्पन्न सारखं असेल तर शून्य, सगळं एकाकडे असेल तर एक. आपल्याकडे अडचण अशी की सरकारची मोठी पाहणी उत्पन्नाची नसते, घरखर्चाची असते. २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण भागाचा गिनी ०.२३७ आणि शहरी भागाचा ०.२८४ आला, आदल्या वर्षी हेच आकडे ०.२६६ आणि ०.३१४ होते. ते वाचून आपण जगातल्या सर्वांत समान देशांपैकी एक झालो, असं म्हणणारे निघाले. पण खर्चातली दरी उत्पन्नातल्या दरीपेक्षा नेहमीच लहान दिसते. गरीब माणूस हातात येईल ते सगळं खर्चतो, कधी उसनवारीचंही खर्चतो, आणि श्रीमंत माणूस शिल्लक टाकतो. करविवरणं आणि संपत्तीच्या नोंदी जोडून अर्थशास्त्रज्ञ पिकेटी यांच्या गटाने २०२४ मध्ये मांडणी केली, तेव्हा २०२२-२३ सालचा देशातल्या वरच्या एक टक्का लोकांचा उत्पन्नातला वाटा २२.६ टक्के निघाला. त्या पद्धतीवरही आक्षेप आहेत. तरी त्या दोन आकड्यांकडे एकत्र पाहिलं की चित्र कळतं: तळाची घरं थोडी वर आली आहेत, आणि शिखर त्याहून वेगाने वर गेलं आहे.

त्याच खर्च पाहणीत एक छोटा आकडा आहे. गावाकडे माणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये. रेशनवर मोफत मिळालेलं धान्य आणि सरकारकडून मिळालेल्या तत्सम वस्तूंची किंमत धरली तर ४,२४७. म्हणजे माणशी १२५ रुपयांचा फरक, सरासरीच्या जेमतेम तीन टक्के. पण सरासरीच्या खाली असलेल्या घरात हे १२५ गुणिले पाच माणसं म्हणजे महिन्याचं तेल आणि डाळ. रेशनचं माप माणशी असल्यामुळे ते खाली जास्त भरतं, आणि म्हणून माझ्या मते २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातलं माणशी पाच किलो धान्य ही आपली सर्वांत सरळ समतेची योजना आहे.

युरोपातल्या देशांत कर आणि सरकारी लाभ जमेस धरल्यावर गिनी बराच खाली येतो. तिथे करवसुली मोठी असते आणि वरच्यांकडून खरोखर होते. ब्राझीलने २००३ मध्ये बोल्सा फामिलिया आणली, मुलं शाळेत पाठवण्याच्या आणि लसीकरणाच्या अटीवर गरीब घरांना रोख. राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण अर्धा टक्का खर्चात ती देशातल्या चौथ्या हिश्शाच्या लोकांपर्यंत पोचली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथली विषमता उतरली. पण उतरण्यातला मोठा वाटा त्या रोख रकमेचा नव्हता. तो वाढलेल्या मजुरीचा आणि किमान वेतनाचा होता. ही गोष्ट मनात ठेवून कोल्हापुरात परत येऊ.

दसरा चौकात उभं राहिलं की शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवती बोर्डिंगच्या इमारती दिसतात. जैन, लिंगायत, मुस्लिम, दैवज्ञ. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून हे सुरू झालं, अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. आम्ही कोल्हापूरकर याकडे अभिमानाचा विषय म्हणून बघतो, उत्पन्नधोरण म्हणून बघत नाही. पण ते उत्पन्नधोरणच होतं. १८९४ मध्ये महाराज गादीवर आले तेव्हा दरबाराच्या ७१ अधिकाऱ्यांत ६० ब्राह्मण होते. पगार, कर्ज मिळण्याची ऐपत, जमिनीचे निकाल, सगळं त्याच वर्तुळात फिरणार हे ओघानेच आलं. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांना राखल्या. १९२२ मध्ये महाराज गेले त्या वर्षी ९५ पैकी ५९ अधिकारी ब्राह्मणेतर होते.

नुसता जाहीरनामा निघाला असता तर त्या जागा भरायला माणूसच मिळाला नसता. राखीव जागेवर बसायला शिकलेलं पोरगं हवं, शिकायला शहरात राहायची सोय हवी, आणि त्याआधी गावात शाळा हवी. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाच्या मजुराला एक रुपया ही जबर रक्कम होती. मला त्या दंडात सरकारचा निर्धार दिसतो. शाळा, बोर्डिंग, नोकरी अशी ती साखळी होती आणि तिचा फायदा त्याच पिढीत थांबला नाही. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या बोर्डिंगमध्ये राहिले, महाराजांच्या सहवासात आले आणि १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. आज निवृत्तिवेतन घेणारे दक्षिण महाराष्ट्रातले किती शिक्षक, तलाठी आणि बँकेचे कारकून त्या एका साखळीतून निघाले, हे कुठल्याही गिनी गुणांकात वेगळं दाखवता येत नाही. त्यांच्या घरांत मात्र ते दिसतं. आजोबा शेतमजूर, बाप हायस्कूलचा शिक्षक, नातू पुण्यात अभियंता.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात पोराटोरांनाही ठाऊक आहे. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला. आपण ती अस्पृश्यतेविरुद्धची गोष्ट म्हणून सांगतो आणि ते खरंच आहे. पण भांडवल दिलं आणि गिऱ्हाईक येत नाही म्हटल्यावर स्वतः पहिलं गिऱ्हाईक झाले, हेही त्यात आहे. धंद्याला कर्ज देऊन मोकळी होणारी आपली महामंडळं या दुसऱ्या पायरीपर्यंत कधी पोचलीच नाहीत.

शाहूकाळातलं दुसरं मोठं काम राधानगरीचं धरण. आज जिल्हा हिरवा दिसतो त्याचं मूळ तिथे आहे. पण पाण्याचं माप एकरी. ज्याच्याकडे रान, त्याच्याकडे पाणी. स्वातंत्र्यानंतर कुळकायद्याने यात मोठी दुरुस्ती केली. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. माझ्या दृष्टीने विषमता कमी करणारं महाराष्ट्रातलं हे सर्वांत खोल पाऊल, कारण यात दरमहा काही वाटायचं नव्हतं, उत्पन्नाचं साधनच हातात आलं. पण इथेही माप बघा. ज्याचं नाव कूळ म्हणून लागलं त्याला जमीन मिळाली. ज्याला मालकाने वेळीच हुसकलं, किंवा जो मुळात मजुरीवर राबत होता, त्याला काही नाही. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी महार वतनं मोडून त्या जमिनी वतनदारांच्या मालकीच्या केल्या होत्या, पण ते तुकडे लहान होते. म्हणून आज शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानातल्या गावांतही गावठाणाच्या कडेला बिनशेतीची वस्ती आहे, आणि शाहूवाडी, भुदरगडच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांपर्यंत यातलं काहीच वर चढलं नाही.

मग आला ऊस आणि टनावारी माप. एकरी ४० टन धरा. दहा गुंठेवाल्याचा ऊस १० टन, दहा एकरवाल्याचा ४०० टन. टनाला १०० रुपये वाढले तर एकाला १,००० आणि दुसऱ्याला ४०,०००. २०२३ च्या नोव्हेंबरात शिरोली पुलावर महामार्ग अडवून शेतकऱ्यांनी मागच्या हंगामातल्या उसाला टनामागे ५० ते १०० रुपये आणखी पदरात पाडून घेतले. तो लढा न्याय्य होता, कारण कारखान्याशी एकटा शेतकरी बोलू शकत नाही. तरीही दराच्या लढ्याला आपण गरिबांचा लढा म्हणतो तेव्हा अर्धंच खरं बोलतो. तुलनेत पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याने जोडलेले तेवढेच, हे घरटी सारखे असल्याने लहान शेतकऱ्याकडे झुकतात, पण सातबारावर नाव हवंच. खंडाने रान करणारा आणि भूमिहीन मजूर इथेही बाहेरच राहतात. भूमिहीनाला जिल्ह्यात खरा हात दिला तो दुधाने. एका म्हशीला वैरण विकत आणून, सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालून, दर दहा दिवसांनी हातात येणारं बिल आणि दिवाळीचा फरक. ती सरकारी योजना नव्हे, सहकार आहे, पण कित्येक घरांत किराणा त्याच बिलावर चालतो.

आता ज्या योजनेवर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ती. रोजगार हमी. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात त्यांनी हा प्रयोग सुरू करून दाखवला. मागेल त्याला काम. १९७२ चा दुष्काळ पडला, १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि त्या अनुभवातून १९७७ चा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. तिचं माप अजोड होतं. दाखला नको, उत्पन्नाची अट नको. भर उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू. बाईला आणि पुरुषाला एकच दर. आणि हमीचं काम गावाजवळ निघालं की बागायतदारालाही मजुरी वाढवावी लागे. नंतर आंध्र प्रदेशात केंद्राच्या योजनेवर झालेल्या मोठ्या अभ्यासात हेच दिसलं: गरीब घरांचं उत्पन्न वाढलं त्यातला बहुतांश भाग योजनेच्या मजुरीचा नव्हता, बाहेरच्या कामाची मजुरी वाढल्यामुळे होता. ब्राझीलच्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं.

आणि पैसा कुठून येत होता? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. कोल्हापुरात पाऊस असतो, रोजगार हमीची कामं इथे कमीच निघत. पण शिरोलीच्या फाउंड्रीतला फिटर आणि इचलकरंजीतला व्यापारी कर भरत, आणि तिकडे मराठवाड्यात नालाबांध उभे राहत. शहराने गावाला आणि पाणीवाल्या जिल्ह्याने कोरड्या जिल्ह्याला दिलेला तो हात होता. देशात असा दुसरा नमुना नव्हता.

तुमची पगाराची चिठ्ठी काढून बघा. 'पी. टी.', म्हणजे हाच व्यवसाय कर, २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. ही कमाल मर्यादा राज्यघटनेतच आहे आणि १९८८ मध्ये २५० वरून २,५०० झाल्यापासून ती हललेली नाही. महिन्याला १०,००० हून थोडं जास्त मिळवणारा दुकानातला पोऱ्या २,५०० भरतो, आणि महिन्याला पाच लाख घेणारा अधिकारीही तेवढेच. २०२३ मध्ये २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना सूट मिळाली, हे चांगलं झालं. पण वरची बाजू तशीच आहे. ज्या करावर ही महाराष्ट्राची सर्वांत समतावादी योजना उभी राहिली, तो कर आज खालच्याला जड आणि वरच्याला न जाणवणारा होऊन बसला आहे. याविषयी एकही मोर्चा निघत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०२४ च्या जूनमध्ये अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' आली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बाईला महिन्याला १,५००. लाभार्थी सव्वादोन कोटींच्या वर गेल्या. २०२५-२६ च्या सुमारे सात लाख कोटींच्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी ३६,००० कोटी होते. मी हिला रेवडी म्हणणार नाही. भुदरगडच्या एका बँक शाखेत पासबुक भरून घ्यायला आलेल्या बायकांची रांग मी पाहिली आहे. यंत्रातून पासबुक बाहेर आलं की बाई पहिल्यांदा शेवटच्या ओळीवर बोट ठेवते. त्यांतल्या एकीने मला सांगितलं की पोरीच्या क्लासची फी आता कुणाला मागायला लागत नाही. वर मांडलेलं गणित इथे खरं ठरतं, तळाच्या घरात १,५०० ला वजन आहे.

पण दोन गोष्टी सलतात. निराधार विधवेला १,५०० आणि वर्षाला दोन लाख चाळीस हजार मिळवणाऱ्या घरातल्या बाईलाही १,५००. आणि जिला निराधार योजनेचे १,५०० मिळतात तिला ही योजना नाही. एकीच्या दारात २१,००० ची मर्यादा, दुसरीच्या दारात अडीच लाखांची, रक्कम तीच. दुसरी गोष्ट पैशाच्या उगमाची. २०२५-२६ मध्ये राज्याची महसुली तूट ४५,००० कोटींच्या वर धरलेली होती, म्हणजे दरमहाचं वाटप कर्जावर चाललं होतं. कर्जाचं व्याज ज्यांची शिल्लक आहे त्यांच्याकडे जातं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसला, तर त्या १,५०० पैकी हजार रुपये खासगी शिकवणीत आणि खासगी दवाखान्यात जातात, आणि बाई होती तिथेच राहते. एसटीच्या अर्ध्या तिकिटाचंही तेच. २०२३ पासून कामाला जाणाऱ्या बायकांचा मोठा खर्च वाचला, ही उत्तम सवलत आहे. गगनबावड्याच्या ज्या वाडीवर एसटीच जात नाही तिथे अर्धं तिकीट कशाचं?

दिवाळीनंतर पंचगंगेच्या काठाला बीडकडच्या टोळ्या उतरतात. कारखान्याच्या आसपास पालं पडतात. पहाटे तीन-चारला चूल पेटते, भाकरी बांधून नवरा-बायको फडात जातात. दोघांचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हंगाम संपतो. मागच्या हिवाळ्यात एका कोपीसमोर सातवीतली एक पोरगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. शाळा गावाकडे, आजी थकलेली, म्हणून इकडे आली म्हणाली. रेशन कुठे घेता विचारलं. कार्ड गावाकडे सासूपाशी आहे, असं तिच्या आईने वाढ्यांच्या पेंढ्या बांधता बांधता सांगितलं. कार्ड कुठेही चालतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याचं एकरी माप तिला लागू नाही, उसाच्या दराचं टनावारी माप तिला लागू नाही, आणि ज्या रोजगार हमीने तिच्या जिल्ह्यातच तिला काम द्यायचं होतं, ते मिळालं असतं तर ती इथे आलीच नसती.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती संप आणि वाटाघाटींतून. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, त्याला कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असं २०२१ मध्ये ठरलं. त्यातून मुलांची वसतिगृहं चालवायची आहेत, संत भगवानबाबांच्या नावाने. मुलगी गावाकडेच राहील, शाळेत जाईल, आई-बाप फडात असतील तेव्हा तिला दोन वेळचं जेवण मिळेल. दसरा चौकातल्या बोर्डिंगचं काम हेच होतं. त्या पोरीला मी विचारलं, वसतिगृहात राहशील का. तिने आईकडे बघितलं, मग भावाकडे, आणि म्हणाली, "याला पण घेतील का तिथं?"